दराचे एकक आणि कुटुंबाचे गणित : भारतातील भ्रमणध्वनीच्या खर्चाची तुलना (१९९५–२०२५)

१

दोन दुकानांतील भावांची तुलना करावयाची तर दोन्हीकडचे माप एकच असावे लागते. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीहून लहान असेल, तर भाव ऐकून स्वस्त-महाग ठरविणे व्यर्थ होय. १९५६ च्या वजने व मापे यांविषयीच्या कायद्याने देशात दशमान पद्धती आणली, तीमागील अनेक हेतूंपैकी हाही एक होता. धान्य, कापड, तेल यांच्या बाबतीत हा प्रश्न अशा रीतीने मिटला. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय कुटुंबाच्या मासिक खर्चात एक नवे कलम दाखल झाले आणि त्याच्याबरोबर मापाचा जुना प्रश्न नव्या रूपात परत आला. ते कलम म्हणजे भ्रमणध्वनीचा, म्हणजे लोकांच्या भाषेत मोबाइलचा खर्च.

या खर्चाचा इतिहास सामान्यतः उतरत्या दरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९९५ मध्ये मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत असलेले संभाषण पुढे पैशांवर आले आणि अखेर जवळजवळ फुकट झाले, असा त्या कथनाचा आशय असतो. हे कथन खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. तीस वर्षांत केवळ दर बदलले नाहीत, तर दर ज्याच्यावर आकारावयाचा ते एककही निदान चार वेळा बदलले. प्रथम मिनिट, नंतर सेकंद, त्यानंतर दिवस व माहितीचे परिमाण आणि शेवटी कुटुंब ही ती एकके होत. प्रत्येक बदलाबरोबर दोन कंपन्यांची तुलना करण्याची रीत बदलली, आणि घरातील कोणाला त्या तुलनेचा लाभ होतो हेही बदलले. प्रस्तुत निबंधात या बदलांचा कालानुक्रमाने मागोवा घेऊन, कुटुंबाच्या दृष्टीने तुलनेचे योग्य एकक कोणते याचा विचार केला आहे.

२

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले. भारतातील या सेवेचा आरंभ या प्रसंगापासून मोजण्याचा प्रघात आहे. प्रत्येक महानगरात दोनच कंपन्यांना परवाना मिळालेला होता. मुंबईत बीपीएल आणि हचिसन मॅक्स या त्या दोन कंपन्या होत.

आरंभीच्या दराचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे आणि इतर वेळी त्याच्या निम्म्यापर्यंत आकारणी करण्याची मुभा होती, आणि ती केवळ फोन करणाऱ्यास नव्हे, तर भ्रमणध्वनीवर फोन घेणाऱ्यासही लागू होती. म्हणजे यंत्र खिशात बाळगणाऱ्याला दुसऱ्याने साधलेल्या संभाषणाचेही पैसे द्यावे लागत. अशा स्थितीत एका घरात दोन भ्रमणध्वनी असणे ही चैन होती, आणि त्या दोहोंमध्ये बोलणे झाले तर त्याच संभाषणाचे मूल्य घराला दोनदा भरावे लागे. कुटुंब हे त्या काळी ग्राहकच नव्हते; ग्राहक होता तो व्यापारी, वैद्य, अधिकारी किंवा दलाल. दर कमाल मर्यादेच्या आसपास आणि कंपन्या दोनच, त्यामुळे तुलनेलाही फारसा अर्थ नव्हता.

१९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठराविक परवाना-शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली, आणि कंपन्यांवरील भार हलका होताच दर उतरू लागले. फोन करणाऱ्यानेच पैसे द्यावेत हे तत्त्व लागू करण्याचा प्राधिकरणाचा पहिला प्रयत्न २००० च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही. ते तत्त्व प्रत्यक्षात आले ते १ मे २००३ पासून. कुटुंबाच्या दृष्टीने पाहता या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच होय. त्या दिवसापासून येणारे फोन निःशुल्क झाले, आणि ज्याच्या हाती पैसा नाही अशा माणसालाही फोन बाळगणे शक्य झाले.

३

या बदलाचे परिणाम मराठी बोलण्यात चटकन उमटले. ‘इनकमिंग’ आणि ‘आउटगोइंग’ हे शब्द याच सुमारास इंग्रजी न जाणणाऱ्यांच्याही तोंडी रुळले. कारण त्यांनी दोन वेगळ्या आर्थिक अवस्थांचा निर्देश होत असे. “आउटगोइंग बंद आहे, इनकमिंग चालू आहे” या वाक्याचा अर्थ, माणूस संपर्कात आहे परंतु खर्च करण्याच्या स्थितीत नाही, असा होता. ‘मिस्ड कॉल’ या शब्दाची गतीही तशीच लक्षणीय आहे. इंग्रजीत तो चुकलेल्या फोनाचा निर्देश करतो. मराठीने त्याला ‘देणे’ हे क्रियापद जोडले आणि हुकण्याच्या घटनेचे हेतुपुरस्सर कृतीत रूपांतर केले. मिस्ड कॉल देणारा कनिष्ठ, विद्यार्थी, नोकर किंवा पत्नी. उलट फोन करणारा कमावता. दराच्या रचनेने घरातील कर्त्या माणसाचे स्थान अशा रीतीने दूरध्वनीच्या व्यवहारातही कायम केले.

याच काळात तुलनेला खरा प्रारंभ झाला. भारत संचार निगमने २००२ च्या ऑक्टोबरात आपली सेवा सुरू केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रिलायन्स इन्फोकॉमने पदार्पण केले आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून यंत्र मिळण्याची योजना काढली. मुंबईत महानगर टेलिफोन निगमची ‘डॉल्फिन’ सेवा २००१ पासून होतीच. दरनिश्चितीचे बंधन २००२ नंतर बव्हंशी सैल झाल्यामुळे कंपन्यांना हवे तसे दर लावता येऊ लागले, आणि दोनाचे चार, चाराचे सहा पर्याय झाले.

परंतु ही तुलना सरळ नव्हती. प्रथमतः, देश अनेक दूरसंचार परिमंडळांत विभागलेला होता. व्यवहारात यांना ‘सर्कल’ म्हणत. महाराष्ट्राच्या बाबतीत ही विभागणी विशेष जाचक होती. मुंबई, नवी मुंबई व कल्याण यांचे टेलिफोन-क्षेत्र हे एक परिमंडळ, आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. ज्या मराठी कुटुंबाचा एक पाय गिरणगावात आणि दुसरा रत्नागिरी, सातारा वा सावंतवाडीस, ते एकाच राज्यात राहूनही दरपत्रकाच्या दृष्टीने दोन परिमंडळांत विभागलेले असे. एका परिमंडळात स्वस्त असलेली कंपनी दुसऱ्यात असेलच असे नव्हते. गणपतीस गावी जाणाऱ्याचा फोन परिमंडळाची सीमा ओलांडताच ‘रोमिंग’वर जाई, आणि तेथे येणाऱ्या फोनांचेही पैसे पडत. २००६ च्या मार्चपासून भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांनी देशभर मिनिटाला एक रुपया असा दर जाहीर केला, तेव्हा अंतराचे महत्त्व कमी होण्यास आरंभ झाला.

दुसरे असे की, पूर्वभरणा पद्धतीत कार्डाची छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारे संभाषण-मूल्य यांत अंतर असे. किमतीतून प्रक्रिया-शुल्क व सेवाकर वजा जाता उरे तो ‘टॉकटाइम’. त्यामुळे मिनिटाचा दर कमी असलेले कार्ड अखेर महाग पडण्याचा संभव असे. हे ओळखूनच ‘फुल टॉकटाइम’ची जाहिरात एखाद्या सवलतीसारखी होऊ लागली, वस्तुतः ती पूर्ण वजनाची हमी होती.

तिसरी अडचण शब्दार्थाची. २००५ च्या अखेरीस ‘लाइफटाइम’ योजनांची लाट आली. ९९९ रुपये एकदा भरल्यास येणारे फोन आजन्म सुरू राहतील, असे त्यांचे आश्वासन होते. हा जन्म कोणाचा, असा प्रश्न नियामक प्राधिकरणापुढे आला. त्याचे उत्तर असे निघाले की, हे आयुष्य ग्राहकाचे नव्हे, तर कंपनीच्या परवान्याचे. आणि परवाना कधी संपतो हे ग्राहकास कळविणे कंपनीवर बंधनकारक झाले. मुंबईतील बीपीएलची उत्तराधिकारी असलेल्या लूप मोबाइलचा परवाना २०१४ च्या नोव्हेंबरात संपला आणि तिची सेवा बंद झाली, तेव्हा या अर्थनिर्णयाचे महत्त्व मुंबईकरांस प्रत्यक्ष अनुभवास आले.

४

२४ जून २००९ रोजी टाटा डोकोमोने दक्षिणेतील परिमंडळांपासून आपली सेवा सुरू केली आणि सेकंदाला एक पैसा हा दर लावला. वरकरणी पाहता हा मिनिटाला साठ पैसे एवढाच दर होता, आणि त्या सुमाराचे इतरांचे दर याहून फार वेगळे नव्हते. क्रांती होती ती एककात. मिनिटाच्या हिशेबात एकसष्ट सेकंदांचे संभाषण दोन मिनिटांचे गणले जाई. दहा सेकंदांचे संभाषणही पूर्ण मिनिटाचे. “पोहोचलो”, “येताना कोथिंबीर आण” अशा आखूड घरगुती निरोपांवर या पद्धतीचा बोजा सर्वाधिक पडे. सेकंदाच्या हिशेबाने दहा सेकंदांच्या निरोपास दहा पैसे पडू लागले. काही महिन्यांतच इतर कंपन्यांनीही हा मार्ग पत्करला, आणि २०१२ मध्ये प्रत्येक कंपनीने सेकंदाच्या हिशेबाची निदान एक योजना ठेवलीच पाहिजे असा दंडक प्राधिकरणाने घातला.

याच वर्षी लागू झालेल्या ग्राहक-संरक्षण विनियमांत तुलनेच्या दृष्टीने आणखी एक उपाय होता. योजना बदलणाऱ्या कार्डावर तांबडी पट्टी, केवळ रक्कम भरणाऱ्या कार्डावर हिरवी आणि ठराविक मुदतीची विशेष सवलत देणाऱ्या कार्डावर पिवळी पट्टी असावी, असे ठरले. अक्षरओळख नसलेल्या ग्राहकालाही आपण काय विकत घेत आहो हे कळावे, हा त्यामागील हेतू. तसेच एका परिमंडळात एका कंपनीने एका वेळी पंचवीसांहून अधिक योजना ठेवू नयेत, अशीही मर्यादा होती. परंतु दहा-बारा कंपन्या आणि प्रत्येकीच्या पंचवीस योजना असा गुणाकार केला, की ग्राहकापुढे अडीचशे-तीनशे पर्याय उभे राहतात. विशेष सवलतीची कार्डे त्यांत धरलेलीच नाहीत. पर्यायांची विपुलता आणि तुलनेची शक्यता या एकच गोष्टी नव्हेत, हे येथे स्पष्ट दिसते.

२० जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. तिचे शुल्क १९ रुपये होते. तोवर क्रमांक हाच ग्राहकाला बांधून ठेवणारा दोर होता. तो आता सुटला. तथापि कुटुंबाला बांधणारा दुसरा दोर कायम होता. एका कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात फोन गेला, की पहिलीने दुसरीस जोडणी-आकार द्यावयाचा असे. २००९ मध्ये हा आकार मिनिटास २० पैसे, २०१५ मध्ये १४ पैसे, २०१७ मध्ये ६ पैसे होता. १ जानेवारी २०२१ पासून तो शून्य झाला. हा आकार होता तोवर स्वतःच्या जाळ्यातील संभाषण स्वस्त ठेवणे कंपन्यांस परवडे. साहजिकच घरातील सर्वांनी एकच कंपनी घ्यावी याकडे कल होता. कुटुंबाने एकत्रितपणे कंपनी निवडण्याची चाल अशी रूढ झाली. ‘कौटुंबिक योजना’ हे नाव तिला बरेच पुढे मिळाले.

५

सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओचे आगमन झाले. तिने प्रथम वर्षअखेरपर्यंत व नंतर मार्च २०१७ पर्यंत सर्व सेवा विनामूल्य दिली, आणि त्यानंतर जे दर लावले त्यांत संभाषणाला वेगळे मूल्यच ठेवले नाही. ग्राहक जे विकत घेऊ लागला, ते दिवस आणि त्या दिवसांत मिळणारे माहितीचे परिमाण. नियामक प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार एक जीबी माहितीचा सरासरी खर्च २०१४ मध्ये सुमारे २६९ रुपये होता. २०१८ मध्ये तो सुमारे १२ रुपयांवर आला. एवढी घसरण या देशातील अन्य कोणत्याही नित्योपयोगी सेवेच्या बाबतीत क्वचितच आढळेल.

बोलीने हाही बदल नोंदविला आहे. पूर्वी ‘बॅलन्स’ संपत असे. आता ‘पॅक’ संपतो. बॅलन्स ही पैशाची शिल्लक होती. काटकसर केली तर ती अधिक दिवस पुरे. पॅक ही मुदत आहे. ती काटकसरीने लांबत नाही. बोला वा न बोला, ठरल्या दिवशी ती संपते. पैशाच्या शिलकीवरून काळाच्या मुदतीवर झालेले हे स्थलांतर कमी वापर करणाऱ्या माणसाच्या सर्वथा विरुद्ध होते, हे मात्र त्या स्वस्ताईच्या गजरात कोणाच्या फारसे लक्षात आले नाही.

मुदतीचे एककही साधे नव्हते. बहुतेक योजना २८, ५६ किंवा ८४ दिवसांच्या असत. कुटुंबाचा जमाखर्च महिन्याचा असतो. पगार महिन्याने, भाडे महिन्याने, दुधाचे बिल महिन्याने. २८ दिवसांची मुदत त्याच्याशी जुळत नाही, आणि वर्षात बाराऐवजी तेरा वेळा भरणा करावा लागतो. २३९ रुपयांच्या योजनेचा वर्षाचा खर्च बाराने गुणून २,८६८ वाटतो, तो वस्तुतः ३,१०७ होतो. जानेवारी २०२२ मध्ये प्राधिकरणाने प्रत्येक कंपनीस ३० दिवसांची आणि दरमहा त्याच तारखेस नूतनीकरण होणारी निदान एकेक योजना ठेवण्यास भाग पाडले. या आदेशाचा मथितार्थ, महिना म्हणजे महिना, एवढाच होता. तो सांगण्यास कायद्याची गरज पडली ही गोष्ट बोलकी आहे.

दरम्यान कंपन्यांची संख्या झपाट्याने घटली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले होते. पुढे रिलायन्स कम्युनिकेशन्स व एअरसेल यांनी व्यवसाय आवरला, टाटांची ग्राहकसेवा एअरटेलमध्ये विलीन झाली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एकत्र आल्या. खासगी कंपन्या तीनच उरल्या. त्यानंतर डिसेंबर २०१९, नोव्हेंबर–डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ या तिन्ही वेळी तिघींनी अल्प अंतराने दर वाढविले.

६

कौटुंबिक योजनेची कल्पना अमेरिकेत प्रथम रुजली याचे कारण तेथील आकारणीत आहे. तेथे भ्रमणध्वनीवर येणाऱ्या फोनाची मिनिटेही ग्राहकाच्याच खाती पडत, आणि ग्राहक महिन्याला ठराविक मिनिटांचा साठा विकत घेई. असा साठा घरातील सर्वांनी वाटून वापरणे हे ओघानेच आले. भारतात येणारे फोन २००३ पासून निःशुल्क होते आणि नव्वद टक्क्यांहून अधिक ग्राहक पूर्वभरणा करणारे होते; त्यामुळे वाटून घेण्याजोगा साठाच नव्हता. येथील कौटुंबिक योजना आली ती माहितीच्या युगात, आणि मुख्यतः महिनाअखेर बिल भरणाऱ्यांसाठी.

मार्च २०२३ मधील दोन योजना घेऊन तुलनेचे स्वरूप पाहता येईल. जिओने ३९९ रुपयांच्या मूळ जोडणीस प्रत्येकी ९९ रुपयांप्रमाणे तीन जोडण्या लावण्याची सोय केली. चार माणसांचे ६९६ रुपये, म्हणजे माणशी १७४. त्यात सर्वांत मिळून ७५ जीबी आणि जोडणीगणिक थोडी भर. ती धरूनही एकूण शंभराच्या आत. एअरटेलच्या ९९९ रुपयांच्या योजनेत चार जोडण्या व एकूण १९० जीबी, म्हणजे माणशी सुमारे २५० रुपये. माणूस हे एकक धरले तर पहिली योजना बरीच स्वस्त ठरते. जीबी हे एकक धरले तर पहिलीत जीबीमागे निदान सात रुपये आणि दुसरीत पाच रुपयांहून थोडे अधिक पडतात. म्हणजे दुसरी स्वस्त ठरते. दोन्ही विधाने खरी आहेत. प्रश्न आहे तो घरात चार माणसे आहेत म्हणून फोन हवेत, की चार पडदे आहेत म्हणून माहिती हवी, हा.

आणखी एक गोष्ट या तुलनेत सहसा निसटते. पूर्वभरणा योजनेच्या किमतीत कर समाविष्ट असतो. मागाहून बिल येणाऱ्या योजनेवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर वेगळा पडतो. तो धरता ६९६ चे ८२१ रुपये २८ पैसे होतात, आणि वर्षाचे सुमारे ९,८५५. त्याच काळी त्याच कंपनीची रोज दीड जीबी देणारी २८ दिवसांची पूर्वभरणा योजना २३९ रुपयांची, आणि मुख्यतः संभाषणासाठी उपयुक्त अशी योजना १५५ रुपयांची होती. चौघांनीही २३९ ची घेतली तर वर्षाचे १२,४२८ रुपये होतात. कौटुंबिक योजना येथे उघडच लाभदायक आहे. दोघांनी २३९ ची व दोघांनी १५५ ची घेतली तर १०,२४४. म्हणजे लाभ वर्षाला चारशेच्या आत येतो. एकाने २३९ ची आणि तिघांनी १५५ ची घेतली तर ९,१५२ रुपयेच होतात, आणि तीच कौटुंबिक योजना सातशे रुपयांनी महाग पडते.

तात्पर्य, कौटुंबिक योजनेचे मोल कुटुंबाच्या रचनेवर अवलंबून असते. ज्या घरात दोन नोकरदार व दोन महाविद्यालयीन मुले आहेत, त्याला ती परवडते. ज्या घरात एक कमावता, गृहिणी आणि दोन वृद्ध आहेत, त्याला ती परवडेलच असे नाही. दरपत्रकातील ‘कुटुंब’ हा शब्द पहिल्या प्रकारच्या घराचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून वापरलेला आहे. दोघे शेतावर, एक मुंबईस आणि आजी गावी, असे विखुरलेले कुटुंब त्या शब्दाच्या अर्थात बसते खरे, पण त्याच्या हिशेबात बसत नाही.

७

आतापर्यंतची सर्व एकके, म्हणजे मिनिट, सेकंद, जीबी आणि माणूस, ही वापराची किंवा वापरणाऱ्यांच्या संख्येची होती. यांपैकी कोणत्याही एककाने न मोजला जाणारा एक खर्च आहे. तो म्हणजे काहीही न वापरता केवळ संपर्कात राहण्याचा खर्च. घरातील ज्या माणसाला फोन करावयाचा नसतो, पण ज्याला फोन लागला पाहिजे असे इतरांना वाटते, त्याच्यासाठी हाच खरा दर होय.

मे २००३ पासून आणि विशेषतः ‘लाइफटाइम’ योजनांपासून हा खर्च शून्याच्या जवळ होता. २०१८ च्या नोव्हेंबरात एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनी दर २८ दिवसांस निदान ३५ रुपयांचा भरणा आवश्यक केला. भरणा न केल्यास प्रथम जाणारे आणि काही काळाने येणारेही फोन बंद होत. प्राधिकरणाने त्या वेळी ग्राहकांच्या शिल्लक रकमेविषयी चिंता व्यक्त केली, परंतु दर ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांकडेच राहिले. एअरटेलची ही किमान रक्कम जुलै २०२१ मध्ये ७९, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ९९ आणि जुलै २०२४ मध्ये १९९ रुपये झाली. तेरा भरण्यांच्या हिशेबाने वर्षाचा खर्च २०१८ मध्ये ४५५, २०२१ च्या अखेरीस १,२८७ आणि २०२४ मध्ये २,५८७ रुपये असा वाढत गेला.

या आकड्यांचा अर्थ लावताना न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. १९९ रुपयांत अमर्याद संभाषण व थोडी माहिती मिळत होती. ३५ रुपयांत बेताचे संभाषण-मूल्यच होते. दोन्ही रकमांनी एकच वस्तू विकत घेतली जात नव्हती. कंपन्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे होते. २०१६ नंतरच्या स्पर्धेत त्यांची मिळकत घटली होती, कर्जे वाढली होती, आणि ऑक्टोबर २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने सरकारी देण्यांचा मोठा भार त्यांच्यावर आला होता. परंतु हे सर्व मान्य करूनही, ज्याला ती अधिकची वस्तू नको होती त्याला ती न घेण्याचा पर्याय उरला नाही, ही गोष्ट शिल्लक राहते. म्हणून याच सहा वर्षांचा इतिहास दोन प्रकारे सांगता येतो. जीबीच्या एककाने तो स्वस्ताईचा आहे. संपर्काच्या एककाने तो महागाईचा आहे. सरासरी खाली गेली आणि तळ वर आला.

अशा वेळी घरातील कोणता फोन प्रथम बंद होतो हे तर्काने सांगता येते. कमावत्याचा नव्हे, शिकणाऱ्याचा नव्हे. जिच्या किंवा ज्याच्या फोनावरून कोणतेही अर्जन होत नाही त्याचा. दुसरे सिमकार्ड, वृद्धाचा साधा फोन, गृहिणीचा स्वतंत्र क्रमांक हे या गणितात पहिले बळी होत. २०१८ नंतर देशातील जोडण्यांची संख्या घटली, तिच्यात केवळ अनावश्यक दुसरी कार्डेच होती असे मानण्याचे कारण नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने या प्रश्नाची दखल घेतली. माहितीविना केवळ संभाषण व लघुसंदेश देणारी निदान एक योजना प्रत्येक कंपनीने ठेवावी, आणि तिची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकेल, असे नव्या दुरुस्तीने ठरले. त्याच दुरुस्तीत कार्डांवरील रंगीत पट्ट्या रद्द झाल्या. छापील कार्डेच दुर्मीळ झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये ज्या योजना निघाल्या त्यांत जिओची ८४ दिवसांची ४४८ रुपयांस व एअरटेलची ४६९ रुपयांस होती. म्हणजे दिवसाला अनुक्रमे ५.३३ व ५.५८ रुपये. दीर्घ मुदतीत जिओची ३३६ दिवसांची योजना १,७४८ रुपयांस आणि एअरटेलची ३६५ दिवसांची १,८४९ रुपयांस होती. म्हणजे दिवसाला ५.२० व ५.०७ रुपये. तीन महिन्यांच्या मापाने पहिली कंपनी स्वस्त, वर्षाच्या मापाने दुसरी. छापील किमती पाहणाऱ्यास मात्र दोन्ही वेळी पहिलीच स्वस्त वाटेल, कारण ३३६ दिवसांचे वर्ष त्याच्या नजरेतून निसटेल. २०२४ च्या २,५८७ रुपयांशी ताडून पाहता १,८४९ हा आकडा निश्चितच दिलासा देणारा होता. परंतु ही रक्कम एकदम भरावी लागे, आणि ज्याला वर्षाची रक्कम एकदम भरता येते तो सहसा या योजनेचा सर्वाधिक गरजू ग्राहक नसतो.

८

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला इतिहासलेखनाच्या पद्धतीविषयी आहे. दीर्घ काळातील किमतींचा आलेख काढताना त्या किमती कोणत्या एककाच्या आहेत हे नोंदविणे पुरेसे नाही. ते एकक कोणी, केव्हा व का बदलले हेही नोंदविले पाहिजे. १९९५ चे मिनिट आणि २०२५ चा दिवस एकाच आलेखावर मांडता येत नाहीत. त्यांना जोडणारी रेषा काढली, तर ती वापर करणाऱ्यांचा इतिहास सांगेल. वापर न करणाऱ्यांचा सांगणार नाही.

दुसरा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. कुटुंबासाठी कंपन्यांची तुलना करावयाची झाल्यास वर्ष हे काळाचे, आणि घर हे माणसांचे एकक धरावे. प्रत्येक माणसाची गरज वेगळी मांडावी; कर मिळवावा; २८ दिवसांच्या योजनेस तेराने गुणावे; आणि सर्वांची बेरीज करावी. २०१८ मध्ये प्राधिकरणाने सर्व कंपन्यांचे दर एका ठिकाणी पाहण्याची सोय संकेतस्थळावर केली, ती स्वागतार्ह होती. पण दर एकत्र ठेवल्याने एकके एक होत नाहीत. ते काम घरातील हिशेब ठेवणाऱ्यालाच करावे लागते. ते करताना सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाचा आकडा प्रथम लिहावा, हे उत्तम. बेरजेत तो सर्वांत लहान असतो. पण कोणती योजना घरास परवडते, याचा निर्णय वरील उदाहरणात त्यानेच केला आहे.